भाऊची स्टिक आणि एक कवठ

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका मास्तरीणबाईंच्या सायकलची चेन बसवत होतो. फोन चहावाल्याचा. तो म्हणाला, "भाऊ गेला बे. आज सकाळी, तिकडे वडश्याकडे." मी "अरे बापा!" म्हणालो, चेन बसवली, हात फडक्याला पुसले, आणि मग जी पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती सांगायची मला आजही लाज वाटते. मला वाटलं, सुटलो.

सुटलो कसला! दुसऱ्याच दिवशी चहाच्या टपरीवर ठरलं की भाऊच्या तेरवीला आपण जुने लोक जीप करून जायचं, आणि तिथं मंडपात प्रत्येकानं भाऊची एक-एक आठवण सांगायची. जमलेल्यांत आमचे गुरुजी होते. शाळेतून कधीचे निवृत्त झालेत, पण पूर्वी आमच्या मॅचची कॉमेंट्री तेच करायचे. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू सगळ्यात शेवटी बोलशील. त्याच्या स्टिका तू सांभाळल्या. तुझ्याइतकं जवळून त्याले कोणी नाई पाह्यलं."

तेव्हापासून भाकर उतरेना. दुकानात पंक्चर काढायला बसलो की ट्यूब पाण्यात बुडवायची तशीच हातात राहायची. गिऱ्हाईक ओरडलं की मी उलट त्याच्यावरच ओरडायचो. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात ही भर. बायको दोन दिवस पाहत राहिली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्या पोटात तीस वर्षांपासून कवठ अडकलं आहे, जी. आता तरी काढा बाहेर."

"चूप बस," मी म्हणालो.

"मी तर तीस वर्षं चूपच आहो."

ते खरं होतं. कवठाचं तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिसऱ्या कोणालाही माहीत नव्हतं. निदान मी तसं धरून चाललो होतो.

भाऊ माझा सख्खा नव्हे. सगळं भद्रावती त्याला भाऊच म्हणायचं, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. आमच्याकडे हॉकी आणली कारखान्याच्या कॉलनीतल्या बाहेरगावच्या लोकांनी. ते खेळायचे, आम्ही मैदानाबाहेर उकिडवे बसून पाहायचो. मग गावातल्या पोरांनी बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून खेळायला सुरुवात केली. त्यात हा एक, तलावावर मासे मारणाऱ्यांच्या घरातला. लहानपणापासून जाळं फेकून फेकून त्याचं मनगट असं झालं होतं की चेंडू त्याच्या फांदीला चिकटून चालायचा. कॉलनीतल्या एका साहेबानं ते पाहिलं आणि त्याच्या हातात खरी स्टिक दिली. वर्षभरात भाऊ आमच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड झाला.

आणि खेळायचा कसा? ते मात्र कोणाला सांगता यायचं नाही. कारण आज जसा खेळला तसा उद्या खेळेल याची गॅरंटी ब्रह्मदेवालाही नव्हती.

तेरवीच्या दिवशी सकाळी जीपमध्ये हेच चाललं होतं. पुढं ड्रायव्हरजवळ गुरुजी, मागं मी, बायको, चहावाला आणि आणखी चार-पाच जण. माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये पोत्यात गुंडाळलेली एक लांब वस्तू उभी होती. चहावाल्यानं बसतानाच विचारलं, "हे काय घेतलं?" मी म्हणालो, "आहे काही." तो म्हणाला, "बंदूक हाय का बे?" सगळे हसले. मीही हसलो आणि पोत्याची गाठ पुन्हा एकदा आवळली.

चंद्रपूर मागं पडल्यावर गुरुजींना जोर चढला. "तो मॅच आठवते का? हाफ टाइमले कोणीतरी आलं आन् म्हणालं, तलाव भरला, पाणी वरून वाहून राह्यलं, मासे चालले. झालं! भाऊनं स्टिक खांद्यावर टाकली अन् निघाला. मी माइकवर बोंबलून राह्यलो, भाऊ, अरे भाऊ, आपण एक गोलनं मागं आहो!"

"तीन गोलनं हारलो," चहावाला म्हणाला. "लोक काठ्या घेऊन तलावावर गेले होते त्याले माराले."

"अन् मासे घेऊन परत आले!"

हे खरं आहे. मीही गेलो होतो मारायला. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. आम्हाला पाहून म्हणाला, "बरं झालं आले, एकट्यानं जाळं ओढत नव्हतं." आम्ही दहा-बारा जण चपला काढून पाण्यात उतरलो. संध्याकाळी साऱ्या गावात रस्सा शिजला आणि हरल्याचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पुढच्याच आठवड्यात बल्लारपूरच्या टीमवर त्यानं एकट्यानं चार गोल मारले. आणि त्याच्या पुढच्या मॅचला अख्खा वेळ तो मैदानात असा उभा राहिला, जणू कोणाची वाट पाहतोय. चिडायचो आम्ही. शिव्या द्यायचो. "आजपासून याचं तोंड नाई पाहायचं," असं म्हणून घरी जायचो आणि पुढच्या मॅचला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचो. काय करणार? ज्या दिवशी तो खेळायचा त्या दिवशी आपण तिथं नसलो तर, ही धाकधूक घरी बसू द्यायची नाही.

"भाऊचा खेळ म्हणजे मनाचा मामला होता," गुरुजी म्हणाले.

"मनाचा, अन् बाटलीचा," चहावाला म्हणाला, आणि प्रेमानं हसला. खरंच प्रेमानं. "फायनलची गोष्ट मी सांगीन हां आज. ती माझी हाय. कोणी मधात बोलायचं नाई."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहायला लागलो. मूल गाव मागं पडलं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल सुरू झालं होतं.

आता ती फायनलची गोष्ट मलाच सांगितली पाहिजे, कारण चहावाल्याची गोष्ट खोटी आहे आणि ते खोटं माझ्यामुळे पसरलं आहे.

माझं सायकलचं दुकान गावातून कॉलनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि नुकतंच लग्न झालं होतं. भाऊच्या स्टिका मी पाहायचो. मॅच झाली की तो स्टिक दुकानात टाकून जायचा. मी ती पुसायची, जवसाचं तेल पाजायचं, मुठीवर जुन्या ट्यूबची पट्टी काढून नवी गुंडाळायची. पैसे नाहीत काही नाहीत, वरून मीच उपकार मानायचो. त्याची एक स्टिक होती जिच्या मुठीवर, ट्यूबच्या वर, लाल पट्टी होती. माझ्या बायकोच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ उसवला होता, तो तिनंच दिला होता. ती पट्टी लावली त्या दिवशी भाऊनं तीन गोल मारले. झालं! मग साऱ्या गावानं ठरवून टाकलं की लाल पट्टी असली की भाऊ खेळतो. भाऊलाही तसंच वाटायला लागलं.

मॅचच्या सकाळी तो दुकानात यायचा. मी स्टिक द्यायचो. तो ती दोन बोटांवर आडवी ठेवायचा, अशी तराजूच्या दांडीसारखी. स्टिक थोडी हलायची, मग थांबायची. तो म्हणायचा, "हं. जागी आहे." आणि जायचा. एवढंच. ते ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही.

फायनल चंद्रपूरच्या टीमशी होती, आमच्याच मैदानावर. नागपूरहून दोन साहेब येणार होते, खेळणाऱ्या पोरांना नोकरीवर घ्यायला. भाऊसाठीच येणार आहेत अशी गावभर चर्चा होती. मासे मारणाऱ्या पोराला पक्की नोकरी! त्याची आई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "बाबू, त्याच्या त्या काठीले नीट पाहजो रे." मी म्हणालो, "बाई, तुम्ही काहीच काळजी करू नका."

आदल्या दिवशी दुपारी स्टिक तयार झाली. तेल मुरलं होतं, लाल पट्टी धुऊन पुन्हा बांधली होती. दुकानामागं कवठाचं झाड होतं. खाली एक कवठ पडलं होतं, गोल, पांढुरकं, अगदी चेंडूएवढं. आसपास कोणी नाही. आणि हातात भाऊची स्टिक.

आता कोणी मला विचारेल, कवठ किती टणक असतं हे तुला माहीत नव्हतं का? अरे, आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं! दगडावर आपटून फोडावं लागतं ते. पण त्या क्षणी मी सायकलवाला नव्हतो. मी भाऊ होतो, फायनलचा शेवटचा मिनिट होता आणि गुरुजी माइकवर माझं नाव घेत होते. मी तोंडानं कॉमेंट्री करत पुढं आलो आणि सगळा जीव लावून फटका मारला.

कवठाला काही झालं नाही. स्टिक मानेपाशी उभी चिरली.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. बायको परसात धुणं वाळत घालत होती, ती धावत आली. मी तिथंच बसलो होतो, स्टिक मांडीवर घेऊन. रडत होतो म्हटलं तरी चालेल. तिनं स्टिक पाहिली, कवठ पाहिलं आणि सगळं समजली. "जा, सांगून या त्याले," ती म्हणाली. "अजून टाइम हाय. दुसरी पाहून घेईन तो."

तेवढंच करायचं होतं. तेवढंच! पण मला वाटलं, भाऊ असा मनाचा हळवा, उद्या फायनल, त्याला कळलं की लाल पट्टीवाली फुटली तर त्याचं मनच बसेल, तो खेळणारच नाही. असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. मी भ्यायलो होतो. भाऊला नाही, गावाला. भाऊची स्टिक घेऊन कवठ खेळणारा सायकलवाला, म्हणून लोकांनी जन्मभर माझी टर उडवली असती. आणि उडवली असती तर काय झालं असतं? काही नाही! दोन वर्षं हसले असते आणि विसरले असते. पण बाविसाव्या वर्षी हे समजत नाही.

दुकानात दुरुस्तीला आलेली एक दुसरी स्टिक पडली होती, त्याच बनावटीची, बरेच महिने कोणी न्यायला आलं नव्हतं. मी लाल पट्टी सोडून तिच्यावर बांधली. काजळी आणि तेल चोळून ती जुनी केली. दिसायला अगदी तीच. फक्त खालून थोडी जड होती.

सकाळी भाऊ आला. मी त्याला बोलू दिलं नाही, मीच बोलत सुटलो. साहेब कोणत्या गाडीनं येणार, आईनं काय निरोप दिला, चहा घेतोस का. त्यानं स्टिक दोन बोटांवर ठेवली. ती खालच्या बाजूला कलली. त्यानं बोटं सरकवली, पुन्हा ठेवली. पुन्हा कलली. भाऊनं माझ्याकडे पाहिलं, स्टिककडे पाहिलं आणि म्हणाला, "आज हिची झोप नाई झाली वाटते." आणि निघून गेला.

मॅच एक-एक अशी बरोबरीत होती. भाऊ त्या दिवशी चांगलाही नव्हता, वाईटही नव्हता. शेवटच्या दोन मिनिटांत आम्हाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. समोर फक्त गोलकी. भाऊ असा स्ट्रोक डोळे मिटून घ्यायचा. मनगट वळलं की चेंडू उचलून वरच्या कोपऱ्यात. त्या दिवशी मनगट वळलं, पण स्टिक मागून आली. चेंडू उचललाच गेला नाही. मुरमावरून रांगत गेला आणि गोलकीच्या पॅडला लागून थांबला. गोलकी स्वतःच बावचळला. एवढा हलका फटका त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पुढच्या मिनिटाला चंद्रपूरनं गोल केला.

लोक उठले. शिव्या सुरू झाल्या. चहावाला माझ्या शेजारी होता, तेव्हा तोही जवान होता. लाल डोळ्यांनी ओरडला, "पिऊन आला असंल साला! पिल्याशिवाय असा फटका लागते का?" मग माझ्याकडे वळला. "सकाळी तुझ्याकडेच आला होता ना बे? वास येत होता का?"

मी हो म्हटलं नाही. एवढं मी तीस वर्षं स्वतःला बजावत आलो की मी हो म्हटलं नाही.

मी मान हलवली.

तेवढी मान पुरली. संध्याकाळपर्यंत गावात, दुसऱ्या दिवशी कॉलनीत आणि तिथून त्या दोन साहेबांपर्यंत गोष्ट पोचली. ते भाऊला न भेटताच गेले. महिन्याभरानं भाऊ दुकानात बाकावर बसला होता, आणखी चार लोक होते. तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी स्टिक जड लागली रे मले." आणि मी, लोक ऐकताहेत म्हणून घाबरून, मोठ्यानं म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे खो-खो हसले. भाऊही थोडा हसला. मग ती म्हण त्याच्या नावालाच चिकटली. मैदानात उतरला की पोरं ओरडायची, "भाऊ, अंगण वाकडं आहे का?" वर्षभरानं त्यानं हॉकी सोडली, वडश्याकडच्या एका गावात लग्न केलं, सासऱ्याच्या तलावावर मासे मारायला लागला, थोडं धान करायला लागला.

वर्षातून एखाद्या वेळी भद्रावतीला यायचा तेव्हा माझ्या दुकानात बसायचा. मी चहा मागवायचो. तो काहीच विचारायचा नाही, आणि तो उठून जाईपर्यंत मी उगाच एखाद्या चाकाचे स्पोक आवळत बसायचो. मागच्या वर्षी त्याला लकवा झाल्याचं कळलं. बायको म्हणाली, "जाऊन या." मी म्हणालो, दिवाळी होऊ दे. मग म्हणालो, उन्हाळा जाऊ दे. मग म्हणालो, पाऊस कमी होऊ दे.

जीप वडश्यात शिरली तेव्हा भिंतीभिंतीवर नाटकांची पोस्टरं लागली होती. तिथून भाऊचं गाव थोडं पुढं. धान कापून झालं होतं आणि शेतातल्या बांध्या उघड्या पडल्या होत्या. घरासमोर छोटा मंडप होता. खुर्चीवर भाऊचा फोटो, हार घातलेला. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला होता. त्यात तो कोणीतरी दुसराच दिसत होता, चोरी करताना पकडल्यासारखा. सगळे नमस्कार करून बाजूला झाले. माझे हात जोडले गेले, पण मान वर होईना.

भाऊची पोरगी पाणी घेऊन आली. तिशीच्या आतली, तिकडेच एका उपकेंद्रात नर्स आहे. सगळ्यांना पाणी देऊन झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "तुम्ही सायकलवाले काकाजी ना? बाबा सांगायचे तुमचं."

"काय सांगायचे?" मी पेला हातातच धरून विचारलं.

"हेच, की स्टिक तुम्ही पाहायचे म्हणून." ती थोडी थांबली. मग आवाज खाली करून म्हणाली, "काकाजी, एक विचारू का? गावात लोक म्हणतात का बाबा दारूनं गेले. मी स्वतः त्यांचा बीपी पाहायची, मले मालूम आहे कायनं गेले ते. पण त्यांच्या लग्नाआधीचं मले मालूम नाई. फायनलच्या दिवशी पिऊन खेळले होते, असं सगळेच सांगतात. आईच्या माहेरीपण लग्नात तेच कानावर आलं होतं. आईनं आयुष्यभर संध्याकाळी त्यांच्या तोंडाचा वास घेतला, काकाजी. रोज. दारात आले की आधी वास, मग पाणी. कधी काही सापडलं नाई, तरी घेतला. तुम्ही तर त्या दिवशी सकाळी त्यांच्याजवळ होते. खरंच प्यायले होते का?"

मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "सांगतो, बाई. सांगतो." आणि पोतं घट्ट धरून मंडपात जाऊन बसलो.

जेवणं झाल्यावर आठवणी सुरू झाल्या. गुरुजींनी तलावाची गोष्ट सांगितली, लोक पोट धरून हसले. आतल्या दाराशी भाऊची बायको बसली होती, तीसुद्धा पदराआडून हसली. मग चहावाला उठला. "आमचा भाऊ म्हणजे राजा माणूस," तो म्हणाला. "फायनलले पिऊन टाइट होता, तरी आख्खा मॅच ओढला. शुद्धीवर असता तर आज दिल्लीत दिसला असता." त्यानं डोळे पुसले. दाराशी बसलेल्या बाईचं हसू मावळलं आणि ती जमिनीकडे पाहायला लागली. पोरगी खांबाला टेकून उभी होती, माझ्याकडे पाहत.

माझी पाळी यायच्या आधीच मी उठलो. मनात अजूनही वकील बसला होताच. तो म्हणत होता, अरे, खरी स्टिक असती तरी भाऊ चुकला असता, चुकणाराच माणूस तो! तीस वर्षं हाच वकील मला झोपवत आला. आणि भाऊ असा होता की त्या वकिलाला खोटंही पाडता येत नाही. त्याच्यावर काहीही खपून जायचं. म्हणूनच माझं खपलं.

मी पोतं सोडलं. चिरलेली स्टिक काढून मंडपात सगळ्यांना दिसेल अशी धरली. पट्टी नव्हती, मुठीवरची ट्यूब वाळून गळाली होती. "भाऊ पिऊन नव्हता," मी म्हणालो. "त्याच्या तोंडाले वास नव्हता. ही त्याची स्टिक. आदल्या दिवशी मी हिच्यानं कवठाले फटका मारला अन् ही फुटली. मी त्याले दुसरी दिली, लाल पट्टी बांधून. फसवून दिली. अन् मॅच हारल्यावर मले विचारलं, वास येत होता का, तर मी मान हलवली. झालं एवढंच."

कोणीतरी हसायला लागला होता, कवठाचं ऐकून, तो मधेच थांबला. गुरुजींनी चष्मा काढला. चहावाला माझ्या अंगावर आला. "तीस वर्षं बे!" तो ओरडला. "तीस वर्षं मी हे माझ्या तोंडानं सांगितलं! प्रत्येक गिऱ्हाइकाले सांगितलं! तू तिथी बसून माझा चहा पीत ऐकत होता! काऊन नाई बोलला?" त्याला दोघांनी धरलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पोरगी पुढं आली. तिनं माझ्या हातातून स्टिक घेतली, चीर पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्हीसाठी मी तयार होतो.

"टीव्हीवर हॉकी लागली की बाबा म्हणायचे, त्या दिवशी स्टिक झोपेत होती," ती म्हणाली. "दर वेळी. अन् मी म्हणायची, नाचता येईना, अंगण वाकडं. मलेही वाटायचं का हे बहाणा करून राह्यले. तेपण हसायचे."

दाराशी तिची आई उठून आत गेली.

"काकाजी," पोरगी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दवाखान्यात पेशंटला विचारतात तसा. "बाबा वर्षभर खाटेवर होते. थोडं थोडं बोलता येत होतं त्यांना. ऐकू तर सगळं येत होतं."

"हो, बाई."

"चंद्रपूरहून वडश्याले बस येते ना?"

"येते."

"रोज?"

मी तिच्या हातातल्या स्टिककडे पाहत राहिलो.

"रोज येते," मी म्हणालो.